खरेदीखतातली हिश्श्याची ओळ : लग्न न करता दोघांनी घर घेताना

महाराष्ट्रात दोन सज्ञान माणसांना मिळून फ्लॅट घ्यायचा असेल तर नात्याचा पुरावा कुणी मागत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात पॅन, आधार, फोटो, अंगठा आणि ओळख पटवायला दोन माणसं असली की दस्त नोंदला जातो. नवरा-बायको असोत, दोन भाऊ असोत, मित्र असोत किंवा एकत्र राहणारं जोडपं असो. नोंदणी इतकी सहज होते म्हणून पुढचंही सगळं विवाहितांसारखंच चालेल असा समज होतो. तसं चालत नाही. कायद्याच्या हिशेबी तुम्ही एका फ्लॅटचे दोन सहमालक आहात आणि एकमेकांचे कुणीच नाही. वारसा, भेटीवरची करमाफी, मुद्रांक शुल्कातली सवलत, बँकेचा चटकन मिळणारा होकार हे लग्नासोबत आपोआप येतं. इथे त्यातलं जे जमेल ते आधी कागदावर आणावं लागतं, आणि काही गोष्टी कागदानेही मिळत नाहीत.

या सगळ्या कागदांचा खुंटा एकच आहे : खरेदीखतात (बिल्डरकडून घेताना नोंदणीकृत करारनाम्यात) कुणाचा किती टक्के हिस्सा हे सांगणारी ओळ. ती नसली तर बाकीचे कागद लटपटतात.

ती ओळ नसेल तर काय होतं

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चं कलम ४५ याच प्रश्नाचं उत्तर देतं. दोघांनी सामायिक निधीतून पैसे दिले असतील तर त्या निधीतल्या ज्याच्या त्याच्या हिश्श्याप्रमाणे मालकी. वेगवेगळ्या खिशांतून दिले असतील तर ज्याने जेवढे दिले त्या प्रमाणात. आणि कुणी किती दिले याचा पुरावाच नसेल तर दोघांचा हिस्सा समान धरला जातो. वाचायला सरळ वाटतं, पण प्रत्यक्षात पाच-सात वर्षांनी हा पुरावा गोळा करणं म्हणजे बंद झालेली खाती, बदललेल्या नोकऱ्या आणि ‘तेव्हा मी रोख दिले होते’ अशी वाक्यं. ती ओळ लिहिली की हा सगळा वादच उरत नाही.

बिल्डरच्या वकिलाचा मसुदा दोन्ही नावं लिहून पुढे ‘यांना यापुढे संयुक्तपणे खरेदीदार असे संबोधले आहे’ एवढ्यावर थांबतो. हिस्सा कुणी विचारत नाही आणि कुणी लिहीतही नाही. मसुदा हातात आला की एक कलम घालून घ्या : ‘सदर सदनिकेत खरेदीदार क्र. १ यांचा अविभाज्य ५६.२५ टक्के व खरेदीदार क्र. २ यांचा अविभाज्य ४३.७५ टक्के हिस्सा राहील.’ बिल्डरला याने काडीचा फरक पडत नाही, त्यामुळे नकार सहसा येत नाही. हे नोंदणीच्या आधीच करायचं. नंतर चूक दुरुस्ती पत्राने नावाचं स्पेलिंग किंवा फ्लॅटचा क्रमांक सुधारता येतो. पण ५० टक्क्यांचे ७० करणं ही दुरुस्ती नव्हे, ते हस्तांतरण आहे आणि त्यावर नव्याने मुद्रांक शुल्क लागतं. नाव वाढवण्याचंही तसंच. बुकिंगच्या अर्जात दोन्ही नावं असतील तर करारनाम्यात ती बिनखर्चाची येतात. करारनामा एकाच्या नावावर नोंदला गेला की दुसऱ्याचं नाव पुढे हिस्सा विकत घेऊनच येतं.

टक्केवारी कशी काढायची

पुण्यात ८० लाखांचा फ्लॅट धरू. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के मिळतात, म्हणजे इथे ६४ लाखांपर्यंत. त्यात मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी धरली जात नाही. समजा ६० लाख कर्ज घेतलं. मग पदरचे २० लाख, शिवाय ७ टक्के दराने मुद्रांक शुल्क ५ लाख ६० हजार आणि नोंदणी फी ३० हजार. एकूण २५ लाख ९० हजार हातात हवेत. (महाराष्ट्रात घर फक्त महिलांच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. दोघी मिळून घेत असतील तर ती मिळते, एकही पुरुष खरेदीदार असला की जाते.)

आता पदरच्या २० लाखांत एकीचे १५ आणि दुसऱ्याचे ५ आहेत, आणि हप्ता दोघं निम्मा-निम्मा भरणार आहेत. कर्जाचे ६० लाख म्हणजे प्रत्येकाने आणलेले ३० लाख. तिचे ४५, त्याचे ३५. ८० पैकी ४५ म्हणजे ५६.२५ टक्के, ३५ म्हणजे ४३.७५. पगारात दुपटीचा फरक आहे म्हणून हप्ता दोनास एक असा वाटला, तर तिचे १५ अधिक ४० आणि त्याचे ५ अधिक २०. मग हिस्से ६८.७५ आणि ३१.२५. मुद्रांक शुल्क वेगळं मोजा आणि शक्यतो निम्मं-निम्मं भरा. ते फ्लॅटची किंमत नव्हे, पण एकट्याने भरलं तर पुढे कुरबुरीचं कारण होतं.

‘आपल्यात कसले टक्के, निम्मं-निम्मं लिहू’ हा मोह मोठा असतो. पैसे ४५-३५ आणि मालकी ५०-५० असं लिहिलं तर पाच लाखांची मालकी एकाकडून दुसऱ्याकडे फुकट गेली असा अर्थ निघू शकतो. तो निघाला तर आयकराचा प्रश्न येतो, त्याबद्दल पुढे.

याच टक्क्यांनी टीडीएसही भरायचा. ५० लाख किंवा त्याहून महाग घरावर खरेदीदाराने एक टक्का कापून सरकारकडे जमा करायचा असतो. दोन खरेदीदार आणि एक विक्रेता असेल तर दोन फॉर्म, आणि विक्रेतेही दोन असतील तर चार. ‘माझा हिस्सा ५० लाखांच्या आत आहे, मला लागू नाही’ ही पळवाट १ ऑक्टोबर २०२४ पासून बंद आहे, आता सगळ्यांची रक्कम एकत्र धरतात. आपल्या उदाहरणात ८० हजारांपैकी तिच्या पॅनवर ४५ हजार आणि त्याच्या पॅनवर ३५ हजार. बँकेच्या घाईत सगळा टीडीएस एकाच्याच पॅनवर भरून टाकतात आणि मग दुसऱ्याला उशिरासाठी दिवसाला २०० रुपये शुल्काची नोटीस येते.

बँक

लग्न न झालेल्यांना संयुक्त गृहकर्ज देऊ नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही. पण कोणाला सहकर्जदार करायचं हे प्रत्येक बँक आणि गृहवित्त कंपनी आपल्या धोरणात ठरवते, आणि बहुतेकांच्या यादीत पती-पत्नी, आई-वडील, मुलं आणि काही ठिकाणी भावंडं एवढेच असतात. शिवाय घराचा प्रत्येक सहमालक कर्जात असलाच पाहिजे ही अट जवळपास सगळीकडे आहे. ही दोन धोरणं एकत्र आली की कोंडी होते : दोघं मालक म्हणून दोघं कर्जदार हवेत, आणि दोघं नात्यातले नाहीत म्हणून दोघं कर्जदार चालत नाहीत.

यावर उपाय आधी विचारणं हाच. टोकन रक्कम देण्याआधी तीन-चार ठिकाणी लेखी विचारा की असंबंधित सहकर्जदार चालतात का, आणि चालत असतील तर दोघांचंही उत्पन्न धरता का. काही ठिकाणी दुसऱ्याचं नाव घेतात पण त्याचा पगार पात्रतेत मोजत नाहीत, मग कर्जाची रक्कमच खाली येते. शाखेतल्या माणसाच्या ‘होऊन जाईल’वर विसंबू नका, तो निर्णय पत विभागाचा असतो. बिल्डरच्या करारात कर्ज नामंजूर झालं तर बुकिंगची रक्कम किती परत मिळणार हेही आधीच वाचून ठेवा. नोंदणीकृत करारनाम्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला रेरा या गृहबांधणी व्यवसायावरच्या कायद्याने बिल्डरला मनाई केली आहे, तेवढीच काय ती कवचकुंडलं.

अर्जातल्या ‘नातं’ या रकान्यात ‘पती’ किंवा ‘चुलत बहीण’ लिहायचा सल्ला एखादा दलाल हमखास देतो. देऊ दे. खोटी माहिती दिली तर कर्जकरारानुसार तो कसूर ठरतो आणि बँक पूर्ण रक्कम एकदम मागू शकते. शिवाय नातं बिघडलं की हेच खोटं दुसऱ्याच्या हातातलं हत्यार होतं.

कर्ज मिळालं की जबाबदारी टक्क्यांत नसते. मालकी ४३.७५ टक्के असली तरी देणं शंभर टक्के. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ४३ नुसार बँक दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण वसुली करू शकते. भरणाऱ्याने दुसऱ्याच्या वाट्याचे पैसे नंतर दुसऱ्याकडून मागायचे, तो तुमचा आपसातला प्रश्न. पूर्ण ६० लाख दोघांच्याही पत अहवालात दिसतात, म्हणून त्यातल्या एकाला पुढे गाडीचं कर्ज हवं झालं तर पात्रता कमी भरते. हप्ता ९० दिवस थकला की खातं अनुत्पादक (एनपीए) होतं, मग बँकेला तारण घर विकून वसुली करू देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस. आणि लिलाव अख्ख्या फ्लॅटचा होतो, चुकवणाऱ्याच्या हिश्श्याचा नव्हे.

हप्ता संयुक्त खात्यातून जाऊ द्या, आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या खात्यातून आपापला वाटा तिथे आपोआप वळता होईल अशी सूचना बँकेला द्या. दहा वर्षांनी याच स्टेटमेंटवर कुणी किती भरलं ते दिसेल. घरखर्च त्या खात्यातून करू नका. किराण्याच्या शंभर नोंदींत हप्त्याचा हिशेब सापडत नाही.

जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांसाठी एक फायदा खरा आहे. स्वतः राहत्या घराच्या कर्जावर दोन लाखांपर्यंत व्याजाची वजावट प्रत्येक सहमालकाला स्वतंत्र मिळते, मात्र तो मालकही हवा आणि कर्जदारही. ६० लाखांवर साडेआठ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं व्याज पाच लाखांच्या आसपास जातं, म्हणजे दोघांचीही मर्यादा भरते. नव्या करप्रणालीत राहत्या घराला ही वजावट नाही.

एकाच्या नावावर घेण्याचा सापळा

बँक नाही म्हणाली की पुढचं वाक्य ठरलेलं असतं : ‘तुझ्या नावावर घेऊ, हप्ता दोघं भरू.’ सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

बेनामी मालमत्ता कायदा १९८८ चा, पण त्याला खरे दात २०१६ च्या दुरुस्तीने आले. पैसे एकाचे, नाव दुसऱ्याचं आणि फायदा पैसे देणाऱ्याला, असा व्यवहार म्हणजे बेनामी. ज्ञात उत्पन्नातून पती-पत्नी किंवा मुलांच्या नावावर घेतलं तर सूट आहे. भावंडं आणि आई-वडिलांसारख्या थेट नात्यांत दोघांची नावं दस्तात असतील तर सूट आहे. लग्नाशिवायच्या जोडीदाराला सूट नाही. कायदा मालमत्ता जप्त करू शकतो, एक ते सात वर्षं सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंडही सांगतो. प्रत्येक जोडप्यामागे आयकर खातं लागतं असं नाही. पण रोजच्या व्यवहारात बोचणारं कलम दुसरंच आहे : ‘घर खरं माझं आहे, नाव फक्त तिचं’ असा दावा दिवाणी न्यायालयात लावायलाच हा कायदा मनाई करतो. म्हणजे नातं तुटलं, तुमच्याकडे प्रत्येक हप्त्याची पावती आहे, आणि तरी मालकी मागायला दार बंद.

दुसरी बाजू आयकराची. नातेवाईक नसलेल्याकडून वर्षभरात ५० हजारांहून जास्त रक्कम भेट मिळाली तर ती सगळीच्या सगळी, वरची नव्हे, घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. आयकराच्या ‘नातेवाईक’ व्याख्येत जोडीदार बसत नाही. दरमहा २५ हजार दुसऱ्याच्या कर्जखात्यात भरले तर वर्षाचे तीन लाख होतात, आणि ते काय आहेत याचा कागद नसेल तर ती भेट वाटायला पुरेशी जागा आहे.

एकाच नावावर घ्यायचंच असेल तर दोन स्वच्छ मार्ग आहेत. पहिला, मालक एकच, दुसरा भाडेकरू : लिव्ह अँड लायसन्स करार करून वाजवी भाडं द्यायचं, घरमालकाने ते उत्पन्नात दाखवायचं, आणि भाडं देणाऱ्याने आपली बचत स्वतःच्या नावे वेगळी गुंतवायची. ऐकायला कोरडं आहे, पण दोघांनाही आपण कुठे उभे आहोत ते रोज ठाऊक असतं. दुसरा, पदरच्या रकमेसाठी दुसऱ्याने रीतसर कर्ज द्यायचं : लेखी करार, व्याजदर, परतफेडीची तारीख, सगळं बँकेतून. २० हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घेता येत नाही, घेतलं तर तेवढाच दंड. यात घराची वाढलेली किंमत कर्ज देणाऱ्याला मिळत नाही, फक्त मुद्दल आणि व्याज. हे दोघांनी आधी बोलून घ्यावं.

आपसातला करार

हिस्सा खरेदीखतात आला, आता बाकीचं दोघांच्या सहमालकी करारात. ५०० रुपयांच्या मुद्रांकावर, नोटरीसमोर. दोन गोष्टी सांभाळा. करारात ‘एकत्र राहण्याच्या बदल्यात’ असा शब्दही नको. करार कायद्याचं कलम २३ अनैतिक मोबदल्यावरचा करार रद्द धरतं, आणि उलटतपासणीत त्या वाक्याचं काय होईल सांगता येत नाही. दोन सहमालक घर कसं सांभाळतील, एवढाच विषय ठेवा. दुसरं, या करारात मालकीचे टक्के बदलू नका. स्थावर मालमत्तेतला हक्क निर्माण करणारा किंवा सोडणारा कागद नोंदवावाच लागतो, नोटरी केलेला चालत नाही.

आत काय असावं? हप्त्याचा वाटा. एकाची नोकरी गेली तर दुसरा किती महिने पूर्ण हप्ता भरेल, आणि तो जास्तीचा पैसा उसना धरायचा की सोडून द्यायचा. मुदतीआधी कर्ज फेडायला एकाने बोनस टाकला तर त्याची नोंद कशी. फर्निचर आणि नूतनीकरण : सहा लाखांचं स्वयंपाकघर एकाने केलं तर त्याचा हिस्सा वाढत नाही, हे स्पष्ट लिहा, किंवा विक्रीच्या वेळी घसारा धरून परत द्यायचं ते लिहा. कुणी एकजण बाहेर पडला तर राहणारा पूर्ण हप्ता भरणार की बाहेरच्याला त्याच्या हिश्श्याचं भाडं देणार. आणि वेगळं होताना : बँकेच्या यादीतल्या दोन मूल्यांककांच्या किमतीची सरासरी, आधी दुसऱ्याला विकत घ्यायची संधी, त्यासाठी ९० दिवस, न जमल्यास खुल्या बाजारात विक्री आणि सही न करणाऱ्यावर दरमहा ठरावीक रक्कम. या शेवटच्या कलमामुळे बरीच भांडणं वकिलाकडे जाण्याआधीच मिटतात.

वेगळं होताना हिशेब कुठे चुकतो

वरच्याच उदाहरणात तीन वर्षांनी नातं संपलं, फ्लॅट आता ९५ लाखांचा आहे. ६० लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी असेल तर हप्ता सुमारे ५२,०७० रुपये, आणि ३६ हप्त्यांनंतरही ५६ लाख ९ हजार बाकी असतात. तीन वर्षांत १८ लाख ७४ हजार भरले आणि मुद्दल चार लाखही फिटलं नाही, हे बघून आधी दोघांनाही धक्का बसतो.

आता तो बाहेर पडतोय. घाईत केलेला हिशेब असा : ९५ वजा ५६.०९ म्हणजे ३८.९१ लाख, त्याचे ४३.७५ टक्के म्हणजे १७ लाख २ हजार. चूक. कर्जाचा बोजा निम्मा-निम्मा होता, टक्क्यांनी नव्हता. बरोबर हिशेब : ९५ लाखांचे ४३.७५ टक्के म्हणजे ४१.५६ लाख, त्यातून त्याच्या वाट्याचं निम्मं कर्ज २८.०५ लाख वजा, उरले १३ लाख ५२ हजार. साडेतीन लाखांचा फरक. त्याने सुरुवातीला पाचच लाख घातले होते हे आठवलं की दुसरा आकडाच का न्याय्य ते कळतं. सहमालकी करारात हे सूत्र एका ओळीत लिहून ठेवा.

हिस्सा दुसऱ्याच्या नावावर करण्याचा खर्चही विवाहितांपेक्षा कितीतरी जास्त. नवऱ्याने बायकोला राहतं घर बक्षीसपत्राने दिलं तर महाराष्ट्रात नाममात्र मुद्रांक लागतो. जोडीदाराने हिस्सा दिला, बक्षीसपत्राने असो की हक्कसोडपत्राने, तर त्या हिश्श्याच्या बाजारमूल्यावर विक्रीइतकंच शुल्क. इथे ४१.५६ लाखांवर ७ टक्के म्हणजे २ लाख ९१ हजार, वर नोंदणी फी ३० हजार. फुकट दिलं तर घेणाऱ्यावर आयकर वेगळा. पैसे घेऊन दिलं तर देणाऱ्यावर भांडवली नफ्याचा कर, घर २४ महिन्यांहून जुनं असेल तर १२.५ टक्के. त्याची खरेदी ३५ लाख आणि मुद्रांक-नोंदणीचा निम्मा वाटा २.९५ लाख धरले तर नफा ३.६१ लाख, कर साधारण ४५ हजार आणि त्यावर उपकर.

कागदांचा क्रम उलटा झाला तर मात्र खरी फजिती. हक्कसोडपत्र आधी नोंदवलं आणि कर्ज तसंच राहिलं, तर बाहेर पडणाऱ्याचं घर गेलं आणि ५६ लाखांचं देणं राहिलं. बँक विनंतीवरून सहकर्जदाराचं नाव खोडत नाही. उरलेल्याच्या एकट्याच्या पगारावर ती कर्ज नव्याने तपासते, आणि पुरत नसेल तर नकार देते. म्हणून आधी एकीच्या नावावर कर्जमंजुरी (त्याच बँकेत किंवा दुसरीकडे वळवून), मग बँकेचं ना-हरकत पत्र, मग एकाच दिवशी रक्कम, दस्त आणि कर्जातून मुक्ततेचं पत्र. शेवटचं पत्र हातात आल्याशिवाय सही नाही. महिनाभराने पत अहवाल काढून खातं खरंच बंद दिसतंय का तेही बघा.

सामोपचार नाहीच जमला तर वाटणीचा दावा. फ्लॅट मधोमध कापता येत नाही, तेव्हा वाटणी कायदा, १८९३ नुसार न्यायालय विक्रीचा आदेश देऊ शकतं, पण ही मागणी करणाऱ्यांचा हिस्सा मिळून निम्मा किंवा जास्त हवा. ४३.७५ टक्केवाल्याला हे एकट्याने मागता येत नाही. ५६.२५ वालीला येतं, मात्र तिने विक्री मागितली की त्याला तिचाच हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीत विकत घ्यायची संधी मिळते. टक्के ठरवताना हे सहसा कुणाच्या डोक्यात नसतं.

एकाचा मृत्यू

दोन नावं आहेत म्हणजे एक गेला की घर दुसऱ्याचं, हा समज पार चुकीचा. एकत्र कुटुंबाची मिळकत सोडली तर आपल्याकडे सहमालकाचा हिस्सा त्याच्या वारसांकडे जातो. हिंदू वारसा कायद्याने अविवाहित, मूलबाळ नसलेल्या पुरुषाचा हिस्सा आईला. आई हयात असेल तर वडिलांनाही नाही. अविवाहित स्त्रीचा आई-वडिलांना. ती विधवा असेल आणि मूल नसेल तर तिने स्वतः कमावलेला हिस्साही तिच्या आई-वडिलांआधी दिवंगत नवऱ्याच्या वारसांकडे जातो. घटस्फोट न घेता वेगळे राहणाऱ्याच्या हिश्श्यात कायदेशीर बायको वारस. जोडीदार या कुठल्याच यादीत नाही. मागे राहिलेल्याच्या वाट्याला पूर्ण कर्ज येतं, आणि सहमालक म्हणून समोर बसते ती जोडीदाराची आई.

म्हणून मृत्युपत्र. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे (पण करावी), दोन साक्षीदार लागतात आणि ज्याला मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेवर नातं असो-नसो, भेटीचा आयकर लागत नाही. आई-वडिलांचीही चिंता असेल तर जोडीदाराला हयातभर राहण्याचा हक्क आणि नंतर मालकी घरच्यांना, असंही लिहिता येतं. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त असं देता येत नाही, तिथे खरेदीच्या वेळचे टक्केच विचारपूर्वक ठरवावे लागतात.

सोसायटीतलं नामनिर्देशन मृत्युपत्राची जागा घेत नाही. नामनिर्देशित व्यक्ती वारस ठरेपर्यंतची तात्पुरती सदस्य. तरी फॉर्म दोघांनी भरा, निदान पत्रव्यवहार जोडीदाराशी होईल. भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) दोन्ही नावं हवीत. पहिलं नाव ज्याचं त्याला मताचा हक्क. सहयोगी सदस्य मात्र कायद्याने ठराविक नातेवाइकांनाच होता येतं, म्हणून दुसरं नाव संयुक्त सदस्य म्हणून लावायचं, सहयोगी म्हणून नव्हे.

विम्यातही तेच. टर्म पॉलिसीत आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलांचं नाव लावलं तर ते विमा कायद्याने रकमेचे मालकच होतात. जोडीदाराचं नाव लावायला कंपनी तयार झाली तरी तो फक्त पैसे स्वीकारणारा, वारस मागे लागू शकतात. त्यामुळे पॉलिसीचा उल्लेख मृत्युपत्रातही करा. कर्जाला जोडलेला विमा घेत असाल तर तो दोघांचाही घ्या आणि प्रत्येकाचं संरक्षण किती टक्के कर्जाला आहे ते तपासा. बऱ्याचदा फक्त पहिल्या कर्जदाराचा उतरवलेला असतो.

पुढे लग्न केलंच तर खरेदीखतातले टक्के आपोआप बदलत नाहीत. बदलायचे असतील तर लग्नानंतर बक्षीसपत्र करा, तेव्हा मुद्रांक नाममात्र आणि आयकरही नाही. कर्ज चालू असेल तर त्याआधी बँकेचं ना-हरकत पत्र घ्या. हिंदूंचं आधी केलेलं मृत्युपत्र लग्नाने रद्द होत नाही. ख्रिश्चन आणि पारशी व्यक्तीचं मात्र होतं, त्यांना लग्नानंतर ते नव्याने करावं लागतं.